घटना घडते, प्रक्रिया चालते

रात्री कोमट दुधात चमचाभर विरजण घालून पातेलं झाकून ठेवलं, की सकाळी दही लागलेलं असतं. या साध्या गोष्टीसाठी मराठीत दोन क्रियापदं आहेत. दही आपण ‘लावतो’ आणि ते ‘लागतं’. लावणं ही आपली कृती, लागणं ही घटना. आणि झाकणाखाली रात्रभर जे चालू असतं ते तिसरंच: आंबण्याची प्रक्रिया.

शाळेच्या पुस्तकांत ‘नैसर्गिक घटना’ आणि ‘नैसर्गिक प्रक्रिया’ हे शब्द इतके जवळजवळ येतात, की मुलं त्यांना एकच समजतात. मला ही चूक छोटी वाटत नाही. विज्ञानातला ‘काय दिसलं?’ हा प्रश्न आणि ‘ते कशामुळे झालं?’ हा प्रश्न इथेच एकमेकांत मिसळतात.

पातेल्यात काय चालतं ते पाहू. विरजणातले जिवाणू दुधातल्या साखरेचं, म्हणजे लॅक्टोजचं, लॅक्टिक आम्ल करतात. ताज्या दुधाचा सामू (pH, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा; आम्ल जास्त तितका तो कमी) साधारण ६.६ असतो. आम्ल वाढत जातं तसा तो उतरत ४.६ च्या आसपास येतो. दुधातल्या केसीन या प्रथिनाच्या कणांवर ऋण विद्युतभार असतो, म्हणून ते एकमेकांना दूर ठेवतात. आम्लामुळे तो भार नाहीसा होतो, कण एकमेकांना चिकटतात, त्यांचं जाळं विणलं जातं आणि पाणी त्या जाळ्यात अडकून राहतं. सकाळी पातेलं जरा तिरकं केलं तरी दही हलत नाही, कडेला थोडी निवळी सुटते. आपल्याला दिसतं ते एवढंच. आधीच्या पायऱ्यांपैकी एकही डोळ्यांना दिसत नाही.

आता उन्हाळ्यात बाहेर राहिलेलं दूध घ्या. तापवायला ठेवलं की ते नासतं. त्यातही जिवाणूंनी आम्ल केलेलं असतं. सामू दह्याइतका खाली आलेला नसतो, पण वरून उष्णता मिळाली की केसीनच्या गुठळ्या होतात आणि पाणी वेगळं पडतं. प्रक्रिया बरीचशी तीच, घटना मात्र वेगळी. उलट, पनीरसाठी आपण उकळत्या दुधात लिंबू पिळतो. इथे जिवाणूंचा काही संबंध नाही, आम्ल बाहेरून आलं. तरी डोळ्यांसमोर घडतं ते दूध फाटणंच. म्हणजे घटना सारखी दिसली म्हणून तिच्यामागची प्रक्रिया तीच असेल, असं धरून चालता येत नाही.

अडचण थोडी शब्दाचीही आहे. ‘घटना’ म्हटलं की आपल्याला एकदाच घडलेलं, पटकन संपलेलं काहीतरी आठवतं, अपघातासारखं. त्यातून ‘झटपट ती घटना, सावकाश ती प्रक्रिया’ असा समज होतो, आणि तो चुकीचा आहे. एल निनो, म्हणजे प्रशांत महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापणं, महिनोन्‌महिने टिकतो, तरी ती घटनाच. वीज क्षणार्धात चमकते, पण तेवढ्यातही ढगांतल्या विद्युतभारांची एक अख्खी प्रक्रिया उरकलेली असते. इंग्रजीतला फिनॉमिनन हा शब्द ग्रीकमधून आला, तिथे त्याचा अर्थ ‘जे दिसतं ते’. मराठीतला ‘आविष्कार’ त्याच्या अधिक जवळ जातो, असं मला वाटतं.

एकाच प्रक्रियेचे कितीतरी आविष्कार असतात. हवेतल्या वाफेचं संघनन (वाफेचं पुन्हा पाणी होणं) गवताच्या पात्यावर झालं तर दव, जमिनीलगतच्या हवेत झालं तर धुकं, उंचावर झालं तर ढग.

आणि घटना पक्की माहीत असूनही प्रक्रिया अनेक वर्षं हाती न लागणं, हेही विज्ञानात नेहमीचं आहे. १९११ मध्ये हॉलंडच्या लायडनमध्ये भौतिकशास्त्रज्ञ कामरलिंग ओनेस यांना दिसलं, की उणे २६९ अंश सेल्सिअसच्या आसपास पाऱ्याचा विद्युतरोध नाहीसाच होतो. यालाच अतिवाहकता म्हणतात. हे का होतं, याचं समाधानकारक उत्तर बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांनी १९५७ मध्ये दिलं. मधली ४६ वर्षं अतिवाहकता खोटी नव्हती, फक्त तिची प्रक्रिया कळलेली नव्हती. १९८६ मध्ये सापडलेल्या तांब्याच्या ऑक्साइडांमधल्या अतिवाहकतेबद्दल तर आजही एकमत नाही.

आपल्याकडे हाच फरक २०२० च्या जूनमध्ये लोणारला दिसला. बुलढाणा जिल्ह्यातलं, उल्कापाताने झालेलं हे खाऱ्या पाण्याचं सरोवर गुलाबी झालं. काठावर उभं राहून कुणालाही ते दिसत होतं, फोटो सगळीकडे फिरत होते. घटनेबद्दल वाद नव्हता. कारणाबद्दल मात्र तर्क चालले होते, आणि शेवाळाचं नावही पुढे आलं होतं. वनविभागाने पाण्याचे नमुने तपासायला पाठवले. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेला त्यांत हॅलोआर्किया हे मीठप्रिय सूक्ष्मजीव सापडले. पाणी आटून खारेपणा वाढला तसे ते भरमसाट वाढले होते, आणि त्यांच्या शरीरातलं गुलाबी रंगद्रव्य साऱ्या पाण्यावर दिसत होतं. पुढे पावसाचं पाणी मिसळलं, खारेपणा उतरला, सूक्ष्मजीवांचा थर तळाशी बसला आणि गुलाबी रंग ओसरला.