भेगाळलेल्या बोडीतली बिऱ्हाडं

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे धानाला पाणी पुरवणाऱ्या लहान तळ्याला बोडी म्हणतात. वैशाखात बोडीचा तळ भेगाळतो. त्या कोरड्या ढेकळांत जीव असतो, आणि तो घरच्या घरी जागा करता येतो.

रुंद तोंडाची काचेची बरणी घ्या. लोणच्याची चालेल, पण साबणाचा अंश राहू देऊ नका. बोडीच्या खोलगट भागातली वरवरची माती दोन बोटं जाडीचा थर होईल इतकी टाका आणि विहिरीचं पाणी हळूच ओता. नळाच्या पाण्यात ब्लीचिंग पावडर असते, ते नको. बरणी उजेडात ठेवा, उन्हात नाही. आपल्याकडच्या 45 अंशांत सगळं शिजून जाईल.

पाणी आधी दुधाळ होतं. ते जिवाणू. त्यांना खायला कोल्पोडासारखे एकपेशीय जीव कोषातून बाहेर पडतात. ते बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही लहान, म्हणून सूक्ष्मदर्शक हवा. स्टॅनफर्ड विद्यापीठातले शास्त्रज्ञ मनू प्रकाश यांच्या गटाने बनवलेला कागदी फोल्डस्कोपही पुरतो.

पुढे, बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत, पाणपिसवा (डॅफ्नियासारखे इवले कवचधारी जलचर) दिसतात, आणि त्यांच्यासाठी साधं भिंग बास. बरणीमागे काळा कागद धरा, अंधारात बाजूने टॉर्च लावा. उड्या मारत ठिपके उजेडाकडे येतील. अंग इतकं पारदर्शक, की धडधडणारं हृदय आणि हिरवं आतडं बाहेरून दिसतं. पाणी मुबलक असेपर्यंत माद्या नराविनाच पिल्लं देतात. तळं आटू लागलं, गर्दी झाली, की नर जन्मतात आणि मादी वेगळी अंडी घालते. तिच्या पाठीवरचं कवच काळपट, टणक होतं आणि बहुधा दोन अंड्यांभोवती मिटतं. ही डबी उन्हाळा सोसते, गुरांच्या खुरांना चिकटून दुसऱ्या बोडीत जाते. तलावांच्या गाळात कित्येक दशकं पडून राहिलेली अंडीही शास्त्रज्ञांनी उबवली आहेत. मला या साऱ्या खेळातलं हेच सर्वात थोर वाटतं.

एकच डोळा आणि शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या दिसल्या, तर ती सायक्लॉप्स या दुसऱ्या इवल्या जलचराची मादी. म्हाताऱ्या माणसांना नारूचा रोग आठवत असेल. त्याच्या अळ्या सायक्लॉप्सच्या पोटात वाढत. ते पाणी न गाळता प्यायलं, की वर्षभराने पायातून हातभर किंवा त्याहून लांब जंत बाहेर येई. दाट कापडाने गाळलं, की सायक्लॉप्स वरच अडकतो. 2000 साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त जाहीर केला.

दोन बरण्या लावता आल्या तर फार बरं. एकीत जंगलालगतच्या बोडीची माती, दुसरीत फवारणी होणाऱ्या धानाच्या बांध्यांखालच्या बोडीची. पाणपिसवा कीटकनाशकाला फार नाजूक. विषारीपणाच्या चाचण्यांत जगभर त्याच वापरतात. एका जोडीवरून निष्कर्ष काढू नका. गावातल्या चार-पाच बोड्यांची माती आणा, प्रत्येक बरणीवर जागा आणि तारीख लिहा, आणि कुठे काय उगवलं ते वहीत टिपत जा.