एसटीपीतल्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातल्या) चकत्या धुऊ नका : सोसायट्यांच्या कमिटीसाठी माहितीपत्रक

नवी कमिटी आली की आमच्याकडे हमखास एक मागणी येते : "टाकीतल्या प्लास्टिकच्या चकत्यांवर घाण बसलीय, जेट मारून धुऊन द्या." आम्ही ते काम घेत नाही. मैलापाणी शुद्ध करतो तो हा तपकिरी, बुळबुळीत थरच. टाकीत हवा सोडणारा ब्लोअर, पंप, टाक्या ही सगळी त्याची बडदास्त.

खडकवासल्याच्या वरच्या खोऱ्यात कुठल्याही वाहत्या ओढ्यात उतरलात तर दगडावरून पाय सटकतो, तो याच थरामुळे. जिवाणू, सूक्ष्म शैवाल आणि बुरशी स्वतःच चिकट द्रव सोडून दगडाला धरून राहतात आणि वरून जाणाऱ्या पाण्यात विरघळलेलं अन्न खातात. त्यांच्यावर किडे, गोगलगायी, मासे जगतात. शहरात आल्यावर त्याच ओढ्याला सिमेंटचा गुळगुळीत तळ मिळतो, वर मैला इतका की पाण्यातला ऑक्सिजन संपून जातो. मग ऑक्सिजनशिवाय जगणाऱ्या जिवाणूंचं फावतं आणि सडक्या अंड्यांचा वास सुटतो.

हा वास हायड्रोजन सल्फाइडचा. ड्रेनेज लाइनमध्ये हा वायू वर चढतो, पाइपच्या ओल्या छतावर दुसरे जिवाणू त्याचं सल्फ्युरिक आम्ल करतात आणि काँक्रीट पोखरलं जातं. चेंबरमध्ये उतरलेल्या माणसाचा या वायूने जीव जाऊ शकतो. सुरक्षा साधनांशिवाय कोणालाही गटार किंवा सेप्टिक टँक साफ करायला उतरवणं 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. वॉचमनला तर मुळीच सांगू नका.

तुमच्या एसटीपीतल्या चकत्या म्हणजे त्या ओढ्यातले दगडच, फक्त जागा कमी लागते. ही एमबीबीआर (पाण्यात फिरत्या चकत्यांवर थर वाढवायची) पद्धत 1980च्या दशकात नॉर्वेत तयार झाली. थराच्या बाहेरच्या भागातले जिवाणू हवा घेऊन सेंद्रिय मैला आणि अमोनिया संपवतात. जुना थर चकत्या एकमेकींवर घासून आपोआप सुटतो आणि पुढच्या टाकीत गाळ म्हणून बसतो. धुवायची गरज पडत नाही ती यामुळे.

अमोनिया खाणारे जिवाणू फार सावकाश वाढतात. बाथरूम धुताना वापरलेल्या थोड्या फिनेलने त्यांना काही होत नाही. पण अ‍ॅसिडचा कॅन किंवा रंगाऱ्याचा थिनर गटारात ओतला की ते मरतात आणि थर पुन्हा जमायला काही आठवडे जातात. वीजबिलासाठी रात्रभर ब्लोअर बंद ठेवला तरी थर गुदमरतो. सकाळी तक्रार मात्र आमच्याकडे येते!

पिण्याच्या पाण्याच्या टाकीत उलट वागायचं. तिथे भिंतीवरचा थर नको, कारण रोगजंतू त्यात दडून बसतात आणि क्लोरीन आतपर्यंत पोचत नाही. आधी ब्रशने घासून थर काढायचा, मगच क्लोरीन. नंतर नळाच्या पाण्यात लिटरला किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक आहे ना, ते आम्ही तुमच्यासमोर तपासतो. न घासता नुसती ब्लीचिंग पावडर टाकून देण्याचं काम आम्ही करत नाही, कितीही स्वस्तात मागितलंत तरी.