प्रोस्टेटची अनावश्यक बायोप्सी टाळणे
रक्तातला पीएसए वाढलेला दिसला की पेशंटला थेट बायोप्सीच्या (सुईने तुकडे काढून कॅन्सर आहे का ते तपासण्याच्या) टेबलावर न पाठवता, आधी कुणाला ती खरंच लागणार आहे ते गाळून घ्यायचं, अशी ही पद्धत. पीएसए हे प्रोस्टेटचं, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचं प्रोटीन आहे, कॅन्सरचं नाही, त्यामुळे वयानुसार ग्रंथी वाढली, लघवीचं इन्फेक्शन झालं, कॅथेटर घातला तरी आकडा वर जातो. पीएसए ४ ते १० (नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर) या पट्ट्यात असताना बायोप्सी केली तर साधारण चारातल्या तिघांना कॅन्सर निघतच नाही आणि ज्याला निघतो त्याचाही बऱ्याचदा ग्लिसन ६ वाला असतो (ग्लिसन म्हणजे कॅन्सर किती आक्रमक ते सांगणारा आकडा), म्हणजे मुंगीच्या पावलांनी जाणारा, त्यावर नुसती नजर ठेवली तरी चालतं, पण रिपोर्टवर तो शब्द एकदा आला की घरचे ‘काढूनच टाका’ म्हणतात, मग ऑपरेशननंतर लघवी गळणं वगैरे मागे लागू शकतं.

बायोप्सीही काही साधी रक्ततपासणी नव्हे. गुदद्वारातून सोनोग्राफीचा प्रोब घालून स्प्रिंगच्या सुईने १०-१२ तुकडे काढतात, नंतर काही दिवस लघवीत, वीर्यात रक्त दिसतं आणि आपल्याकडे नेहमीची अँटिबायोटिक्स जंतू जुमानत नाहीत म्हणून इन्फेक्शनची भीती जास्त (वृषण आणि गुदद्वार यांच्यामधल्या त्वचेतून सुई घातली तर ती बरीच कमी होते).

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे काही आठवड्यांनी पीएसए परत करणं, कितीतरी जणांचा आपोआप खाली येतो. उलटी गंमतही आहे, फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही वाढलेल्या प्रोस्टेटची औषधं चालू असतील तर सहाएक महिन्यांत आकडा निम्मा होतो, म्हणून तिथे ३ दिसला तरी ६ धरायचा. मग येते डेन्सिटी, म्हणजे पीएसए भागिले ग्रंथीचा आकार. पीएसए ६ आणि ग्रंथी ८० सीसीची असेल तर ०.०७५, काळजी कमी. तोच ६ पण ग्रंथी ३० सीसी, तर ०.२, आणि ०.१५ च्या वर गेलं की डॉक्टर सावध होतात. फ्री पीएसए (रक्तात मोकळा फिरणारा पीएसए), पीएचआय (पीएसएच्या प्रकारांवरून काढलेला निर्देशांक) या रक्ताच्या टेस्टही आहेत.

खरा फरक पाडला तो आधी एमआरआय करण्याने. २०१८ च्या प्रिसिजन चाचणीत ५०० पुरुष होते, एमआरआय गटातल्या २८ टक्के लोकांची बायोप्सी टळली, तरीही महत्त्वाचा कॅन्सर जास्त सापडला (३८ टक्के, जुन्या पद्धतीत २६) आणि किरकोळ कॅन्सर मात्र ९ टक्केच, तिकडे २२. एमआरआयच्या फिल्मला पाय-रॅड्स या पद्धतीने कॅन्सरच्या संशयानुसार १ ते ५ गुण देतात, १-२ असेल तर सहसा थांबतात, ४-५ ला सुई त्याच डागावर, आणि ३ वर खरी डोकेफोड, तिथे डेन्सिटी कामी येते. अर्थात फिल्म वाचणारा रेडिओलॉजिस्ट सरावाचा हवा, नाहीतर सगळ्यांनाच ३ मिळतो. फिल्म साफ असली तरी वडिलांना किंवा भावाला हा कॅन्सर झालेला असेल, डेन्सिटी जास्त असेल, तर बायोप्सीचा विचार होतोच.