सरकारी हेलिकॉप्टरला डीजीसीए हात लावत नाही? चुकीचंय हे

ठाण्यात घोडबंदर रोडवरून एखादं हेलिकॉप्टर गेलं की सोसायटीच्या ग्रुपवर तोच जुना मेसेज फिरतो, सरकारी विमानांना डीजीसीएचे, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे, नियमच नाहीत, चेकिंग नाही, चौकशी नाही वगैरे. अर्धवट माहिती आहे ही. आंतरराष्ट्रीय विमान वाहतुकीच्या १९४४ च्या शिकागो करारात लष्कर, कस्टम्स आणि पोलिसांची विमानं वेगळी काढलीत हे खरं, आणि हवाई दलाचं विमान पडलं की चौकशी सैन्यच करतं, २०२१ ला कुन्नूरला हवाई दलाचं हेलिकॉप्टर पडून जनरल रावत गेले तेव्हा तिन्ही दलांची मिळून झाली होती. पण राज्य सरकारचं हेलिकॉप्टर म्हणजे हवाई दल नव्हे ना भाऊ! त्याला व्हीटीने सुरू होणारा सिव्हिल नंबर असतो, पायलटचं लायसन डीजीसीएचं, उडण्यालायक असल्याचं सर्टिफिकेटपण तिथलंच. मे २०१७ मध्ये निलंग्यात फडणवीसांचं हेलिकॉप्टर वायरींना लागून पडलं ना, ते राज्य सरकारचंच होतं, आणि चौकशी केली एएआयबीने, म्हणजे केंद्राच्या विमान अपघात चौकशी ब्युरोने. आता डीजीसीए आणि एएआयबी दोन्ही एकाच मंत्रालयाखाली येतात, म्हणजे नियम लावणारे आणि चौकशी करणारे एकाच छताखाली, भांडायचंच असेल तर त्यावर भांडा की, तो मुद्दा तरी रास्त आहे.