सील बे

दक्षिण ऑस्ट्रेलियातील कँगारू बेटाच्या दक्षिण बाजूचा संरक्षित किनारा. ऑस्ट्रेलियन जलसिंह (निओफोका सिनेरिया) येथे त्यांच्या मूळ अधिवासात जवळून पाहता येतात. मुख्य भूमीवरील केप जर्व्हिसहून फेरीबोटीने सुमारे पाऊण तासात बेटावरील पेनेशॉला पोहोचता येते. पुढचा प्रवास रस्त्याने होतो.

वाळूवर अस्ताव्यस्त पसरलेले जलसिंह पाहून ते आळशी असावेत असे वाटते. खरे तर ते दमलेले असतात. मादी साधारण तीन दिवस समुद्रात असते. तळापर्यंत एकामागून एक बुड्या मारत ती माखली, ऑक्टोपस, शेवंड आणि मासे पकडते. किनाऱ्यावर परतल्यावर आधी भुकेल्या पिलाला पाजणे, मग झोप. पिलू सुमारे दीड वर्ष, कधी त्याहूनही अधिक काळ आईच्या दुधावर असते. अशा मादीला पर्यटकांनी दचकवून पाण्याकडे पळवले, तर तिची विश्रांती आणि पिलाचे दूध दोन्ही तुटते. येथील नियमांमागचे मुख्य कारण हेच आहे.

वाळूवर फक्त येथील अधिकृत मार्गदर्शकाबरोबर उतरता येते. गट एकत्र राहतो, प्राण्यांपासून सुमारे १० मीटर अंतर ठेवतो. एखादे उत्सुक पिलू स्वतःहून पुढे आले, तर माणसांनी मागे सरायचे असते. मार्गदर्शकाशिवाय आलेल्यांसाठी वाळूच्या टेकड्यांवरून लाकडी पायवाट आहे. ती कमी प्रतीची सोय मानू नये: झुडपांच्या आडोशाला झोपलेली पिले बरेचदा तिथूनच दिसतात. नर गडद तपकिरी असून त्याच्या मानेमागे फिकट पिवळसर पट्टा असतो. मादी पाठीवर राखाडी आणि पोटाकडे मळकट पांढरी असते.

पिले पाहण्याचा ठरावीक महिना सांगता येत नाही. बहुतेक सील व जलसिंहांचे प्रजननचक्र वर्षाचे असते, या जातीचे सुमारे साडेसतरा महिन्यांचे. त्यामुळे विणीचा हंगाम कधी उन्हाळ्यात येतो, तर कधी हिवाळ्यात. शेजारच्या वसाहतींचे हंगामही एकमेकांशी जुळत नाहीत.

१९व्या शतकात कातडी आणि तेलासाठी जलसिंहांची बेसुमार कत्तल झाली. मुख्य भूमी आणि टास्मानिया बेटाच्या मधल्या बास सामुद्रधुनीतील त्यांच्या वसाहती तेव्हाच संपल्या. आज ही जात केवळ दक्षिण आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात प्रजनन करते व संकटग्रस्त गणली जाते. मुशी (शार्क) पकडण्याच्या जाळ्यांत अडकणे, समुद्रातला कचरा गळ्याभोवती आवळणे आणि पिलांना होणारा अंकुशकृमीचा संसर्ग हे आजचे मोठे धोके आहेत. मादी सहसा आपल्या जन्माच्या वसाहतीतच विते. त्यामुळे एक वसाहत उजाड झाली, तर दुसरीकडच्या माद्या येऊन ती जागा भरून काढण्याची शक्यता फार कमी असते.