तांबं 'खाणारे' जिवाणू जगतात लोखंडावर

विहिरीवरच्या मोटारीची केबल रात्रीतून कापून नेल्याची बातमी जळगाव-धुळ्याकडे नवी नाही. चोराचा डोळा असतो आतल्या तांब्यावर. हे तांबं जमिनीतून काढणं मात्र दिवसेंदिवस जिकिरीचं होतंय. अनेक खाणींतल्या दगडात ते आता १ टक्क्याहूनही कमी असतं.

इतका हलका माल भट्टीत घालणं परवडत नाही. म्हणून चिलीसारख्या देशांत दगड फोडून त्याचे मोठाले ढीग रचतात आणि वर ठिबकच्या नळ्या अंथरतात, आपल्या केळीबागेत असतात तशाच. त्यांतून पडतं पातळ सल्फ्युरिक आम्ल. ढिगाखालून निघतं ते मोरचुदाचं निळसर पाणी.

हे काम 'तांबं खाणारे जिवाणू' करतात असं सर्रास लिहिलं जातं. ते चूक आहे. अ‍ॅसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हा त्यांतला जिवाणू तांब्याला तोंडही लावत नाही. १९४७ साली अमेरिकेतल्या कोळसा खाणींच्या आंबट पाण्यात सापडलेला हा जीव लोखंडावर जगतो.

गंमत इथेच आहे. पाण्यात विरघळलेल्या लोखंडाची दोन रूपं असतात: दोन इलेक्ट्रॉन गमावलेलं फेरस आणि तीन गमावलेलं फेरिक. फेरिक लोखंड खनिजातल्या गंधकाकडून इलेक्ट्रॉन ओढून घेतं. गंधकाची पकड सुटली की तांबं पाण्यात उतरतं. पण या व्यवहारात फेरिकचं फेरस होतं, आणि फेरस या कामाला निरुपयोगी. हवेतला ऑक्सिजन त्याला पुन्हा फेरिक करतो खरा, पण आम्लात ही क्रिया फारच रेंगाळते. जिवाणू तीच लाखो पटींनी वेगात उरकतो. लोखंडाला तो पेशीत घेतच नाही. बाहेरच्या आवरणावरच त्याचा इलेक्ट्रॉन काढतो आणि प्रथिनांच्या साखळीवरून ऑक्सिजनपर्यंत पोचवतो. या साखळीतलं रस्टिसायानिन हे प्रथिन निळं असतं, कारण त्याच्या गाभ्यात तांब्याचाच अणू बसलेला आहे! या सौद्यात ऊर्जा अगदी थोडी मिळते, म्हणून पोट भरायला जिवाणूला अफाट फेरस लागतं. त्याची ही उपासमार खाणीच्या पथ्यावर पडते.

पुढे द्रावण शुद्ध करून त्यात वीज सोडली की तांब्याचे पत्रे मिळतात. पूर्वी त्यात भंगार लोखंड टाकत. मोरचुदाच्या पाण्यात खिळा बुडवला की तांबूस होतो, तो शाळेतला प्रयोग हाच. 'लोखंडाचं तांबं, तांब्याचं सोनं करतो' म्हणणाऱ्या भोंदूंनी असा खिळा दाखवला, तर मुळीच भुलू नका. खिळ्यातलं लोखंड विरघळतं आणि पाण्यात आधीच असलेलं तांबं त्यावर बसतं, एवढंच.

सगळंच खनिज मात्र जिवाणूंना दाद देत नाही. मध्य प्रदेशातल्या मलाजखंडला मुख्यतः सापडतं ते चाल्कोपायराइट विरघळता विरघळता स्वतःवरच थर धरतं आणि क्रिया मंदावते. ६०-७० अंश सेल्सिअसमध्ये जगणारे सूक्ष्मजीव अशा खनिजावर जास्त कामाला येतात, पण उघड्यावरचा ढीग महिनोन्‌महिने तेवढा तापलेला ठेवणं सोपं नाही.