माणूस चालतो, पण जवळ येत नाही

यावलकडच्या काही पोरांनी केलेला लघुपट परवा पाहिला आणि मी त्याच्या मे महिन्यात घेतलेल्या पहिल्याच दृश्यात अडकलो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मधून सरळ डांबरी रस्ता आणि पार टोकाला एक पांढरी आकृती. हळूहळू कळतं की तो माणूस आहे, पण त्याला पाय नाहीत. रस्त्यावर पाणी साचल्यासारखं चकाकतंय आणि तो त्यावर तरंगतोय. चाळीस सेकंद तो आपल्याच दिशेने चालतो, तरी जवळ म्हणून येत नाही.

पाय गिळले ते मृगजळाने. तापलेल्या डांबरालगतची हवा वरच्या हवेपेक्षा गरम, म्हणून विरळ. आकाशाचा तिरपा प्रकाश या थरांत शिरला की वर वळतो आणि आपल्या डोळ्यांत येतो. आपल्याला दिसणारं पाणी म्हणजे खरं तर आभाळच! गरम हवा सारखी उसळत असते, म्हणून आकृती थरथरते. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' (१९६२) या चित्रपटात ओमर शरीफ वाळवंटातून प्रवेश करतो, तो असाच थरथरत.

पण ती जीव टांगणीला लावणारी वाट पाहणं मृगजळातून येत नाही. ते येतं अंतरातून. माणूस दहा मीटरवर असेल आणि पाच मीटर पुढे आला, तर पडद्यावर तो दुप्पट मोठा दिसतो. तोच पाचशे मीटरवर असेल, तर पाच मीटर चालून जेमतेम एक टक्का मोठा होतो. पावलं तीच, घाम तोच. पोरांनी कॅमेरा लांब ठेवून मोठ्या झूम लेन्सने त्याला ओढून घेतलं, म्हणून तो चौकटीत मोठा दिसतो आणि वाढत मात्र नाही.

'लेन्सने दृश्य दाबलं जातं' असं सर्रास म्हणतात, ते मला पटत नाही. रस्त्याकडेला उभे राहा आणि जागा न सोडता मोबाइलवर दोन फोटो काढा, एक साधा, एक झूम करून. साध्या फोटोतला मधला तुकडा कापून मोठा करा. चित्र धूसर होईल, पण विजेच्या खांबांची एकमेकांशी प्रमाणं दोन्हींत सारखीच भरतील. खांब एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात, कारण आपण लांब उभे आहोत. लेन्स फक्त तेवढा भाग मोठा करून दाखवते.

आवाजाची योजना तर मला फारच आवडली. चित्र लांबचं, पण चपलांची करकर अगदी कानाशी. चाळीस अंशांच्या हवेत आवाज सेकंदाला साधारण ३५५ मीटर जातो. म्हणजे ती करकर पाचशे मीटरवरून ऐकू आलीच असती, तरी पाऊल पडल्यावर जवळजवळ दीड सेकंदाने. पोरांनी ती वेगळी ध्वनिमुद्रित करून प्रत्येक पावलावर नेमकी बसवली आहे.

शेवटचं दृश्य त्यांनी त्याच जागेवरून, त्याच लेन्सने, डिसेंबरातल्या सकाळी घेतलं. जमीन गार, हवा स्थिर. तो माणूस पाठमोरा निघालाय. आता पाय स्वच्छ दिसतात, टाचांवरची धूळसुद्धा. आणि चालतोय, चालतोय, तरी लहान काही होत नाही.